बिअरची बॅच बिघडली? ओतून देण्याआधी

घरच्या बिअरची बॅच बिघडली असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा ती अर्धवट झालेली असते, किंवा रेसिपीत लिहिलं होतं त्यापेक्षा निराळी झालेली असते. खरोखर वाया गेलेली बॅच ओळखण्याच्या खुणा मोजक्या आहेत, त्या पुढे येतीलच. बाकीच्या बॅचमधून प्यायला किंवा निदान स्वयंपाकाला लागेल असं काही ना काही हाती लागतं. फक्त वेळ साधावी लागते, आणि ती वेळ म्हणजे यीस्ट जिवंत आणि कामावर असेपर्यंतची. बहुतेक दोष यीस्टच दुरुस्त करतं. घाबरून बिअर लवकर काढली, थंड केली, बाटल्यांत भरली, की दुरुस्ती करणारं कुणी उरत नाही.

हे सगळं जिथे घरी बिअर करायची कायद्यानं मुभा आहे तिथल्या वाचकांसाठी. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःच्या वापरासाठी परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्यानं एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलनपर्यंत सूट मिळाली. राज्याचे नियम वेगळे बघावे लागतात. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. पुढची सगळी मापं १९ लिटरच्या, म्हणजे पाच अमेरिकन गॅलनच्या बॅचची आहेत आणि तापमान सेल्सियसमध्ये आहे.

आधी मोजा

एअरलॉकमधले (गॅस बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी पाण्याची झडप) बुडबुडे हा पुरावा धरू नका. झाकण नीट बसलं नसेल तर जोरात चाललेलं फर्मेंटेशनही (यीस्टनं साखरेचं अल्कोहोल करणं) शांत दिसतं, आणि खोली तापली तर संपलेली बिअरही बुडबुडे सोडते. हायड्रोमीटरनं ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या (१.०००) तुलनेतली घनता, घ्या, तीन दिवसांनी पुन्हा घ्या; साखर संपत जाते तशी ती उतरते. दोन्ही आकडे तेच आले तर फर्मेंटेशन थांबलंय.

रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं साधन) वापरत असाल तर जरा थांबा. वॉर्टसाठी, म्हणजे फर्मेंट होण्याआधीच्या गोड पाण्यासाठी, तो उत्तम, पण अल्कोहोल तयार झालं की तो चुकीचं दाखवतो. १.०५० वर सुरू झालेली आणि व्यवस्थित १.०११ पर्यंत उतरलेली बिअर त्यात साधारण ६ ब्रिक्स (साखरेच्या टक्क्यांचं माप) दिसते. हा आकडा तसाच ग्रॅव्हिटीत बदलला तर १.०२४ येतो आणि बॅच अडकली असं वाटतं. ‘अडकलेल्या’ कितीतरी बॅच एवढ्यावरच सुटतात: हायड्रोमीटर बुडवला की सगळं ठीक निघतं.

मग वास आणि चव. मोजलेला नमुना फर्मेंटरमध्ये (बिअर फर्मेंट होते त्या भांड्यात) परत ओतायचा नाही. तो ग्लासात घ्या, खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि नेमका कशाचा वास येतो ते लिहून ठेवा. ‘विचित्र’ असं लिहून उपयोग नाही. लोणी, कच्चं सफरचंद, उकडलेला मका, व्हिनेगर, ओला पुठ्ठा, दवाखाना: यातलं प्रत्येक नाव वेगळ्या कारणाकडे नेतं.

चाखायला भिऊ नका. हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) घालून उकळलेलं, अल्कोहोल तयार झालेलं आणि पीएच ४.५ च्या खाली गेलेलं पेय माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंना मानवत नाही. धोका असतो तो फर्मेंट न झालेल्या वॉर्टमध्ये. यीस्ट टाकल्यावर पहिले २४ तास काहीच न दिसणं नेहमीचं आहे. ४८ तासांनी ग्रॅव्हिटी जराही हलली नसेल तर ११ ग्रॅमचं ताजं कोरडं यीस्ट टाका. तिसरा दिवस उलटला, यीस्ट चालू झालं नाही आणि वॉर्टला वास मारू लागला, तर ते वॉर्ट वाचवण्याच्या फंदात पडू नका.

भांड्यातच चुकलं तर

इथली दुरुस्ती सगळ्यात सोपी, कारण ती नुसती गणिताची आहे.

ग्रॅव्हिटी कमी आली: १९ लिटरमध्ये १० पॉइंट (म्हणजे ०.०१०) वाढवायला साधारण ५०० ग्रॅम ड्राय मॉल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे मॉल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) अर्काची पूड, लागतं. ते थोड्या गरम वॉर्टमध्ये गुठळ्या मोडून कालवा आणि शेवटची १० मिनिटं उकळा. एक्स्ट्रॅक्ट घरात नसेल तर हॉप्स घालण्याआधीच उकळण्याचा वेळ वाढवा. किंवा काहीच करू नका. १.०५० च्या जागी १.०३८ आली तर हॉप्स एक चतुर्थांशानं कमी करा आणि हलकी बिअर म्हणून पुढे न्या. इंग्लंडमधली माइल्ड आणि ऑर्डिनरी बिटर साधारण याच ग्रॅव्हिटीची असते. हॉप्स तेवढेच ठेवले तर मात्र पातळ आणि कडवट असं काहीतरी होऊन बसतं.

ग्रॅव्हिटी जास्त आली: दशांशानंतरचे आकडे आणि लिटर यांचा गुणाकार कायम राहतो. १९ लिटर १.०६२ वर आलं आणि १.०५० हवं असेल, तर १९ × ६२ ÷ ५० म्हणजे २३.५ लिटर. साडेचार लिटर उकळून थंड केलेलं पाणी घाला. फर्मेंटरमध्ये तेवढी जागा आणि वर फेसाला जागा आहे ना, ते आधी बघा.

मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेला दळलेला मॉल्ट, खूप गरम झाला, ७० च्या वर गेला, तर लगेच थंड पाणी घालून ६५ वर आणा आणि अर्धा किलो ताजा दळलेला बेस मॉल्ट (रेसिपीतला मुख्य, फिकट मॉल्ट) मिसळा. उष्णतेनं मेलेली एन्झाइम (स्टार्चची साखर करणारी द्रव्यं) त्यातून परत मिळतात. गाळणी तुंबली तर घाईनं उपसू नका. नळ बंद करा, गरम पाणी घालून वरचा थर ढवळा, दहा मिनिटं बसू द्या, मग अगदी सावकाश सोडा. पुढच्या वेळी धान्याच्या ५ टक्के भाताचं तूस मिसळा. गहू किंवा ओट्स जास्त असतील तर ते हवंच.

कडूपणाचे हॉप्स राहूनच गेले तर एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम एक्स्ट्रॅक्ट घालून त्यात राहिलेले हॉप्स ४५ मिनिटं उकळा, गाळा, थंड करून फर्मेंटरमध्ये घाला. आणि वॉर्ट खाली लागलं असेल तर? वरण खाली लागल्यावर करतो तेच: न खरवडता वरचं दुसऱ्या भांड्यात काढा आणि चाखा. करपट चव उतरली असेल तर ती पुढे कशानंही जात नाही. काळ्या स्टाउटमध्ये अगदी पुसट असेल तर लपते, फिकट बिअरमध्ये नाही.

१.०२० वर अडकलेली बिअर

फर्मेंटेशन मध्येच थांबण्याची कारणं ठराविक: खोली थंड पडली, यीस्ट कमी टाकलं, सुरुवातीला वॉर्टमध्ये पुरेशी हवा मिसळली नाही, किंवा मॅश गरम झाल्यानं यीस्टला खाता न येणारी साखर जास्त राहिली. दुधाची साखर, म्हणजे लॅक्टोज घातलं असेल तर ते तसंच राहणार आहे, तो दोष नाही.

क्रम असा ठेवा. फर्मेंटर २१ अंशांवर आणा आणि न उघडता हलकेच गोल हलवून तळाचं यीस्ट उठवा. थंड तळघरात ठेवलेल्या बऱ्याच बॅच एवढ्यावरच पुन्हा चालू होतात. चार दिवस वाट बघा. आकडा हलला नाही तर नवं यीस्ट लागेल, पण पाकीट थेट ओतून फायदा नाही. अल्कोहोल असलेल्या, साखर आणि हवा संपत आलेल्या द्रवात पडलेलं कोरडं यीस्ट हातपाय गाळतं. त्याला विरजणासारखं आधी तयार करावं लागतं: दीड लिटर पाण्यात १५० ग्रॅम एक्स्ट्रॅक्ट उकळून थंड करा, यीस्ट टाका, फेस भरात आला की (साधारण १२ ते १८ तासांनी) त्यात अडकलेली बिअर पाव लिटर घाला, सहा-आठ तास जाऊ द्या आणि मग सगळं फर्मेंटरमध्ये ओता.

तेही चाललं नाही तर दोष साखरेत आहे. अमायलोग्लुकोसिडेज नावाचं एन्झाइम न खाता येणाऱ्या साखरेचे तुकडे करतं. पाकिटावरच्या मापानं घाला, पण एक लक्षात ठेवा: ते हव्या त्या आकड्यावर थांबत नाही. बिअर १.००० च्या आसपास जाऊन कोरडी होते. ग्रॅव्हिटी पूर्ण स्थिर झाल्याशिवाय अशी बिअर बाटलीत भरली तर काच फुटणार. आमचं मत विचाराल तर १.०१८–१.०२० वर थांबलेली काळी बिअर एन्झाइमच्या वाटेला न नेता गोड स्टाउट म्हणून ठेवावी: १०० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी एक लिटर थंड पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून घाला. कॉफीचा कडवटपणा गोडी तोलून धरतो.

लोणी, कच्चं सफरचंद आणि तापलेली बॅच

लोण्याचा किंवा टॉफीचा वास म्हणजे डायअॅसिटिल, कच्च्या सफरचंदाचा म्हणजे अॅसिटाल्डिहाइड. दोन्ही यीस्टनंच अर्ध्या वाटेत सोडलेले पदार्थ आहेत आणि यीस्टच ते परत उचलतं. तापमान १८ ते २० वर नेऊन तीन दिवस, गरज पडली तर आठवडा ठेवा.

बाटली भरण्याआधी एक तपासणी सवयीची करून घ्या. दोन झाकलेल्या पेल्यांत थोडी बिअर घ्या. एक पेला ६० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं ठेवा, मग दोन्ही सारखे थंड करून हुंगा. गरम केलेल्याला लोण्याचा वास आला आणि दुसऱ्याला नाही, तर लोण्याचं पूर्वद्रव्य अजून बिअरमध्ये आहे आणि ते बाटलीत वर येणार. थांबा. दोन्हींना आला तरी थांबा.

फर्मेंटेशन २६–२८ अंशांवर तापलं तर नेलपेंट काढायच्या द्रवासारखा उग्र वास आणि घशाला जाळणारं अल्कोहोल येतं. हे यीस्ट परत घेत नाही. दोन-चार महिने मुरल्यावर थोडी धार जाते, तेवढंच. पण यीस्ट बेल्जियन किंवा सेझॉन (बेल्जियममधली एक गावठी बिअर) जातीचं असेल तर फळांचा आणि मिरीचा वास हाच त्याचा गुण आहे. अशा वेळी बिअरचं नाव बदला, बिअर बदलू नका.

लागर, म्हणजे थंडीत फर्मेंट होणाऱ्या बिअरच्या यीस्टची गोष्ट वेगळी. फ्रिज बंद पडून १० ऐवजी १८ अंशांवर लागर फर्मेंट झाली म्हणून ओतून देऊ नका. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियात बर्फाची सोय नव्हती, तेव्हा ब्रुअरांनी लागर यीस्ट उघड्या, उथळ टाक्यांत गरम हवेतच चालवलं. त्यातून स्टीम बिअर आली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीनं ती जगाला माहीत करून दिली, आणि आज त्या प्रकाराला कॅलिफोर्निया कॉमन म्हणतात. तुमच्या बॅचला लोण्याची तपासणी करा, २ ते ४ अंशांवर तीन आठवडे ठेवा, आणि फर्मेंटेशन संपता संपता नॉर्दर्न ब्रुअर हॉप्स ३० ग्रॅम टाकता आले तर टाका. डब्ल्यू-३४/७० सारखं लागर यीस्ट १८–१९ अंशांवरही बऱ्यापैकी स्वच्छ चालतं.

आंबली

झाकण उघडल्यावर पृष्ठभागावर काहीतरी दिसतं आणि सगळ्यात जास्त चांगली बिअर याच क्षणी मोरीत जाते. नीट बघा.

तपकिरी, चिकट, कडेला चिकटलेले डाग म्हणजे वाळलेला फेस. पांढरट, मऊ, हलवलं की खाली बसणारे तराफे म्हणजे यीस्ट. दोन्ही निरुपद्रवी. सुरकुतलेली किंवा मोठे कोरडे फुगे आलेली पांढरी साय दिसली तर जंगली यीस्ट किंवा जिवाणू आत शिरले आहेत आणि त्यांना वरून हवा मिळते आहे. लोकरीसारखी केसाळ, हिरवी, काळी किंवा गुलाबी वाढ ही बुरशी. बुरशी असेल तर पूर्ण बॅच टाका. वरचं काढून खालचं ठेवायचं नाही.

साय असेल तर खालची बिअर नळीनं काढून चाखा. ताकासारखा स्वच्छ आंबटपणा लॅक्टोबॅसिलसचा. चामडं, गवत, घोड्याच्या तबेल्याची झाक ब्रेटॅनोमायसिसची. हे दुसरं यीस्ट १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत नील्स येल्टे क्लाउसेन यांनी वेगळं करून दाखवलं, तेही दोष म्हणून नव्हे: पिंपात मुरलेल्या इंग्लिश बिअरची खास चव त्याचीच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ब्रसेल्सच्या परिसरातली लँबिक तर उथळ तांब्याच्या टाकीत रात्रभर उघडी ठेवून हवेतले जंतू मुद्दाम येऊ दिले जातात. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिक एकत्र करून गूझ बनते.

म्हणजे ताकाचा किंवा तबेल्याचा वास आला तर बॅच ठेवायची. कशी, ते महत्त्वाचं. बिअर काचेच्या बरणीत मानेपर्यंत भरा. वर हवेला जागा उरली तर अॅसिटोबॅक्टर नावाचा जिवाणू व्हिनेगर करून टाकतो. एअरलॉकमधलं पाणी दर दोन आठवड्यांनी बघा. अंधारात, १८–२० अंशांवर किमान सहा महिने ठेवा आणि सारखी उघडून चाखू नका, दोन महिन्यांतून एकदा पुरे. मध्येच बिअर तेलासारखी, तार धरणारी झाली तर तो पेडिओकॉकस या जिवाणूचा टप्पा आहे. ब्रेटॅनोमायसिस असेल तर काही महिन्यांत ती तार मोडते.

चव सपाट पण आंबट असेल तर फळ घाला. गोठवलेली चेरी किंवा रास्पबेरी लिटरला १५० ते २०० ग्रॅम, दोन-तीन महिने. घरात हापूसच्या रसाचा डबा असेल तर लिटरला १०० ग्रॅम घालून बघा, पण डब्यावर साखर किती लिहिलीय ते वाचा. गोडी सगळी फर्मेंट होते, आंब्याचा वास तेवढा राहतो, आणि ग्रॅव्हिटी पुन्हा पहिल्यापासून स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं.

फारच आंबट झाली तर मिश्रण करा. १०० मिलीच्या पेल्यात आधी प्रमाण ठरवा. आंबट एक भाग आणि साधी बिअर तीन किंवा चार भाग इथून सुरुवात करा. असं मिश्रण थंड केगमध्येच (दाब सोसणाऱ्या धातूच्या पिंपात) ठेवायचं. साध्या बिअरमध्ये उरलेली साखर हे जंतू बाटलीत महिनोन्‌महिने खात राहतात आणि दाब चढत जातो. आणि या बॅचला लागलेली प्लास्टिकची नळी, रबरी बूच, प्लास्टिकचा फर्मेंटर यापुढे फक्त आंबट बिअरसाठी. प्लास्टिकच्या ओरखड्यांतून हे जंतू धुऊन निघत नाहीत.

बाटल्यांतले घोटाळे

१९ लिटर एल (लागरपेक्षा गरम हवेत फर्मेंट होणारी बिअर) खोलीच्या तापमानाला बाटलीत भरताना साधारण १२० ग्रॅम साखर पुरते. त्यातून सुमारे २.४ व्हॉल्यूम (एक लिटर बिअरमध्ये २.४ लिटर) गॅस होतो. बिअर पूर्ण न उतरता भरली तर उरलेला प्रत्येक पॉइंट जवळपास अर्धा व्हॉल्यूम वाढवतो. चार पॉइंट आधी भरलेली बाटली ४.४ पर्यंत जाते, आणि साधी बिअरची बाटली तेवढ्यासाठी केलेली नसते.

उघडताच फेस उसळायला लागला, किंवा एखादी बाटली फुटली, तर जाड हातमोजे आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा घालूनच जवळ जा. खोक्यावर जाड चादर टाका आणि ते थंडीत न्या. ० ते २ अंशांवर २४ तास राहिलं की गॅस बिअरमध्ये विरतो आणि दाब उतरतो. मग एकेका बाटलीवर फडका धरून झाकण किंचित उचला, गॅस सुटू द्या, नवं झाकण लावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दर बॅचची एक बाटली प्लास्टिकची भरत जा. ती बोटांनी दाबून आतला दाब कळतो.

उलट बिअर सपाट राहिली तर आधी तापमान बघा. बाटल्या २१–२४ अंशांवर दोन आठवडे ठेवा, रोज एकदा उलट्या करा. १.०७५ च्या वर सुरू झालेल्या बिअरला सहा आठवडेही लागतात. साखर घालायचीच राहिली असेल तर ३३० मिलीच्या बाटलीत २ ग्रॅम. बिअर थंड करून मगच घाला आणि लगेच झाकण लावा, नाहीतर अर्धी बाटली ओट्यावर येते. बिअर बरेच महिने मुरलेली असेल तर सोबत कोरड्या यीस्टचे चार-पाच कण टाका.

गढूळपणाची काळजी सगळ्यात शेवटी करा. आठवडाभर थंडीत बहुतेक बिअर निवळते. जिलेटिन आणि आयसिंग्लास काम चांगलं करतात, पण एक प्राण्याचं आणि दुसरं माशाचं. शाकाहारी पाहुणे असतील तर उकळण्याच्या शेवटच्या १५ मिनिटांत आयरिश मॉस, म्हणजे समुद्री शेवाळ, वापरा.

जी टाकायचीच

दवाखान्याचा, बँडेजचा वास नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे येतो आणि जात नाही. पुढच्या वेळी पाण्यात क्लोरीन घालवणारी कॅम्पडेन गोळी टाका, एक गोळी ७५ लिटरला पुरते. ओला पुठ्ठा म्हणजे हवा लागली. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीत उन्हात राहून आलेला उग्र, रानटी दर्प हॉप्सवर प्रकाश पडल्याचा. उकडलेल्या मक्याचा वास झाकण ठेवून उकळल्यानं राहतो. फिकट पिल्सनर मॉल्टचं वॉर्ट ९० मिनिटं उघडं उकळावं. हे चारही नंतर दुरुस्त होत नाहीत आणि फळं घालून झाकलेही जात नाहीत.

व्हिनेगरकडे वळलेली बिअर

अॅसिटोबॅक्टरनं गाठलेली बिअर प्यायची राहत नाही, पण कडूपणा कमी असेल तर तिचं मॉल्ट व्हिनेगर चांगलं होतं. फार हॉप्सची बिअर यासाठी घेऊ नका, कडूपणा शेवटपर्यंत राहतो. ५–६ टक्के अल्कोहोलची बिअर ढवळून गॅस काढून टाका, रुंद तोंडाच्या बरणीत दोन-तृतीयांशच भरा, चार भाग बिअरला एक भाग पाश्चराइझ न केलेलं व्हिनेगर घाला आणि तोंडाला घट्ट विणीचं कापड बांधा, नाहीतर चिलटं शिरतात. २५ ते ३० अंशांवर, अंधारात दोन-तीन महिने. वर जेलीसारखा थर येतो, तो बुडवू नका. ही बरणी बिअरच्या सामानापासून दुसऱ्या खोलीत हवी.

असं व्हिनेगर चटणीत, कोशिंबिरीत, मटण मुरवायला वापरा. लोणचं टिकवण्यासाठी मात्र आम्लता मोजल्याशिवाय नाही. त्यासाठी ५ टक्के लागते आणि ती जिभेला कळत नाही. सपाट राहिलेली, पण वासाला चांगली बिअर भज्यांच्या पिठात पाण्याच्या जागी चालते. रश्श्यात घालून आटवणार असाल तर कमी कडू बिअरच घ्या: पाणी उडतं, कडूपणा तसाच राहून दाट होतो.